20 किलोचा डंबेल सेट, नऊ महिने वापरून : कंटाळा आला तेव्हा काय केलं तेही लिहितेय

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला सेट, आता जुलै चालू आहे, म्हंजे नऊ महिने झाले. आठ दिवस वापरून "पॅकिंग छान, वस्तू मस्त" लिहिणारे खूप आहेत, पण मला घ्यायच्या आधी जे वाचायचं होतं ते कुठेच सापडलं नव्हतं, की बाबा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तेच तेच करून जीव विटतो तेव्हा लोक करतात काय, की सेट सरळ पलंगाखाली जातो? म्हणून मुद्दाम एवढे दिवस थांबले.

मी 46 वर्षांची, मालवण तालुक्यात राहते, घरापासून समुद्र चालत पाच मिनिटं. नवरा ट्रॉलरवर इंजिनाचं बघतो, त्यामुळे हंगामात घरी मी आणि सासूबाईच. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग तीन महिने त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं माझ्याकडे. त्यात माझी कंबर अशी धरली की भरलेला सिलिंडर पडवीतून आत घेताना डोळ्यात पाणी यायचं (त्यात गॅस 14.2 किलो, पण टाकीसकट तीसेक किलो होतं ते). मुलगी कोल्हापूरला फिजिओथेरपी शिकते. ती म्हणाली, आई, पाळी जायच्या सुमाराला बायकांची हाडं भराभर विरळ होतात, तू चालतेस ते चांगलंच आहे पण हाडांना नि स्नायूंना वजनाचं काम लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये पण हेच आहे, चालणं-पळणं वेगळं आणि आठवड्यातून कमीत कमी दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा. आमच्या इथून जिम लांब, रिक्षाचे पैसे जायचे आणि सासूबाईंना एकटं सोडून जायचं मन होईना, म्हणून हा सेट.

आधी वस्तूबद्दल. चार प्लेटा 3 किलोच्या, चार 2 किलोच्या, दोन छोटे रॉड, एक तीन फुटी रॉड, नट, ग्लोव्हज. प्लेटा वरून प्लास्टिकच्या, आत सिमेंट भरलेलं. मी सगळ्या प्लेटा वाडीतल्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवल्या, तर 3 किलोची एक भरली 2 किलो 850 आणि दुसरी 3 किलो 100. एका हाताला अडीचशे ग्रॅम जास्त आलं तर खांद्याला कळतं हो. मग जवळजवळ सारख्या वजनाच्या जोड्या लावल्या आणि त्यांच्यावर नेलपॉलिशने एक ठिपका, दोन ठिपके असे केले, ते अजून आहेत. एक नट पहिल्या दिवसापासून आट्यांवर तिरका बसत होता, विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही, शेवटी बाजारातून नट आणला. ग्लोव्हज दोन महिन्यांत उसवले. प्लेट लादीवर आपटली तर कोपरा तडकतो, माझी एक तडकलीय, खाली जुनी सतरंजी घालते आता. बाकी किमतीच्या मानाने माल ठीक आहे.

आता मेन गोष्ट. पहिले दोन महिने काही सांगायलाच नको, सकाळी सासूबाईंचा चहा झाला की खळ्यात (घरापुढच्या अंगणात) उतरायचे, डंबेल छातीशी धरून बैठका, वाकून डंबेल पोटाकडे ओढायचे ते रोइंग, खांद्यावरून वर ढकलायचे तो प्रेस, जमिनीवर झोपून तसाच प्रेस, आणि गुडघे जरासे वाकवून कंबरेतून पुढे वाकायचा तो डेडलिफ्ट, एवढे पाचच प्रकार. ऑक्टोबरात बैठकांना 3 किलोच्या दोन प्लेटा लागायच्या, डिसेंबर संपता संपता चार. स्वतःचंच अप्रूप वाटायचं. आणि जानेवारीत सगळं थांबलं. त्याच चार प्लेटा, तेच खळं, तोच समोरचा माड. कंटाळा म्हंजे असा की रॉडवर नट फिरवताना पण हात जड व्हायचा, आणि वेळ नव्हता वगैरे काही नाही, वेळ होता, पण मन नव्हतं. शेजारची काकी तर रोज गडग्याच्या पलीकडून विचारायची, "काय गो, रोज रोज ताच ताच करून तुका कंटाळो येना नाय?" येत होता ना.

मला वाटलं व्यायाम बदलले की कंटाळा जाईल. म्हणून फोनवरचे व्हिडिओ लावायला लागले, आज हा, उद्या तो, तीन-चार आठवडे रोज नवीन. नवीनपणा दोन दिवस टिकायचा. अंग मात्र रोज वेगळ्या जागी दुखायचं आणि आपण पुढे जातोय की आहोत तिथेच आहोत हे काही कळत नव्हतं. माझं आता पक्कं मत झालंय की ताकदीच्या व्यायामात कंटाळ्यावर सारखं नवीन काहीतरी करणं हे औषध नाही, निदान माझ्यासारखीला तरी नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेला मुलगी घरी आली. तिला सगळं सांगितलं तर ती एकच म्हणाली, "आई, नोव्हेंबरात तू रोइंग किती वजनाने किती वेळा करायचीस?" मला सांगता येईना. प्लेटा आठवत होत्या, किती वेळा ते कुठे लिहिलं होतं? मग तिने समजावलं ते मला फार पटलं. सुरुवातीला जी ताकद वाढते ती बरीचशी स्नायू मोठे होऊन नाही वाढत, आपल्या नसांना ते काम जमायला लागतं म्हणून वाढते, 1979 साली मोरितानी आणि डिव्हरीज या दोघा संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. स्नायू त्यानंतर सावकाश भरतो. म्हंजे पहिले दोन महिने आकडा उड्या मारतो आणि मग एकदम चालायला लागतो, आणि नेमका तेव्हाच कंटाळा येतो, कारण चाल एवढी बारीक असते की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. व्यायामाला कंटाळलेय असं मला वाटत होतं, पण खरं तर काही हलताना दिसत नव्हतं त्याला मी कंटाळले होते.

तिने तिची अर्धी कोरी वही दिली आणि रेघा मारून दिल्या. तारीख, व्यायाम, प्लेटा, किती वेळा, आणि शेवटचा रकाना, "अजून किती जमले असते". हा शेवटचा रकाना म्हंजे या सगळ्याचा जीव आहे. न थांबता सलग जेवढ्या वेळा करतो तो व्यायामाचा एक सेट, तो संपला की प्रामाणिकपणे लिहायचं, अजून दोन झाले असते का, चार झाले असते का, की एकही नाही. दोनच्या आसपास असेल तर वजन बरोबर, चार-पाच असेल तर हलकं पडतंय, शून्य असेल तर पुढच्या वेळी जरा कमी. आणि गंमत म्हंजे हे लिहायचं असतं म्हणून सेट चालू असताना लक्ष द्यावं लागतं. सातवा जड गेला का, आठव्याला डावा खांदा मागे राहिला का, श्वास कुठे अडकला. आधी मी माडाकडे बघत नुसते आकडे मोजायचे, आता मन आतच असतं. कंटाळा तिथेच निम्मा उतरला.

वजन कसं वाढवायचं तेही लिहिते कारण या सेटमध्ये ती अडचण आहेच. दोन्ही बाजूंना 2 किलोची प्लेट चढवली की एकदम 4 किलो वाढतात, बैठकांना चालेल पण खांद्याला अजिबात नाही. म्हणून आधी वेळा वाढवायच्या, 8 वरून 12 पर्यंत, तिन्ही सेटमध्ये 12 झाले की मगच प्लेट, आणि परत 8 पासून. शिवाय 1 किलोच्या चार प्लेटा वेगळ्या घेतल्या, भोक त्याच मापाचं आहे का ते बघून घ्या. नऊ महिन्यांतला सगळ्यात उपयोगी खर्च तोच. मार्चमध्ये प्रेसचा आकडा असा होता, 8, 8, 7. पुढच्या वेळी 8, 8, 8. एक रेप (म्हंजे एक वेळ) वाढली, पण वहीत ती दिसली आणि मी सासूबाईंना नेऊन दाखवली. मुलगी म्हणाली हे काही आजचं नाही, अमेरिकन लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी 1945 साली जखमी सैनिकांबद्दल हेच लिहिलं होतं, की हलकं वजन शंभरदा हलवत बसण्यापेक्षा जेमतेम दहा वेळा उचलेल असं वजन घ्या आणि ते वाढवत न्या.

उरलेला कंटाळा दोन सेटच्या मधल्या वेळाचा. दीड-दोन मिनिटं थांबायलाच लागतं, नाहीतर पुढचा सेट पडतो, आणि त्या दोन मिनिटांत मन घरात धावतं, गॅसवर काय आहे, कपडे वाळत घालायचेत. तेव्हा मी एक नियम केला, दशावतारी नाटकांची रेकॉर्डिंग फोनवर आहेत ती फक्त व्यायाम करतानाच ऐकायची, एरवी हात लावायचा नाही. एक नाटक मला दोन आठवडे पुरतं. राजा तलवार उपसून उभा, पखवाज चढत चाललाय आणि माझा शेवटचा सेट संपला की फोन बंद, पुढे काय झालं ते गुरुवारी. खरंच त्या ओढीने मी गुरुवारी खळ्यात उतरलेय. 2014 साली अमेरिकेत छापून आलेला असाच एक अभ्यास आहे, लोकांना मन गुंतवणारी ऑडिओ पुस्तकं फक्त जिममध्येच ऐकायला दिली तर ती सुरुवातीला जास्त वेळा जिमला गेली, पण मध्ये सणाची सुट्टी आली आणि नंतर परिणाम ओसरला. माझंही शिमग्यात तसंच झालं. पालखी घरी येणार, सारवण, पाहुणे, दहा दिवस वहीत काही नाही.

पूर्वीची मी असते तर तिथेच संपलं असतं. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलेलं, आणि मोडली की मोडली असं मनात बसलेलं. लंडनच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला तर 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही, हे मुलीने सांगितलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. मग आमचं ठरलं, गडबडीच्या दिवसांत प्रत्येक प्रकाराचा एकच सेट, वजन मात्र तेवढंच ठेवायचं. मिळवलेली ताकद टिकवायला मिळवताना लागते त्यापेक्षा बरंच कमी काम पुरतं. मे महिन्यात मुंबईची सगळी मंडळी घरी, चौदा माणसांचं रांधणं, तेव्हा आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं एवढंच केलं, आणि जूनमध्ये वही उघडली तर प्रेसची एक रेप सोडता काही गेलं नव्हतं. मे महिन्यातच आंब्याचे भरलेले क्रेट टेम्पोत चढवायला दिराबरोबर मी होते, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी कंबर गप्प होती.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. गंज. खारी हवा रॉडला सोडत नाही, डिसेंबरातच आट्यांमध्ये तांबडी पूड दिसायला लागली. मी खोबरेल लावलं, त्याला धूळ चिकटून नट आणखी घट्ट झाले. मग शिलाई मशीनचं तेल, ते पंधरा दिवस टिकायचं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली (1 जून ते 31 जुलै) आणि नवरा घरी आला, त्याने रॉड हातात घेतला, काही बोलला नाही, घासलेटात बुडवून तारेच्या ब्रशने आटे साफ केले आणि बोटीच्या कामाचं ग्रीस बोटाने आत भरलं. आज पाच आठवडे झाले, नट दोन बोटांनी फिरतो. पावसाचं खळ्यात जमत नाही म्हणून सेट पडवीत आणलाय, रॉड जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवते. उघडा जमिनीवर ठेवलात तर एका पावसाळ्यात जाईल, सांगून ठेवते.

घ्यायचा का? घरात करणार असाल आणि सुरुवात असेल तर घ्या, पण सोबत 1 किलोच्या प्लेटा, दोन जादा नट आणि एक वही, हे त्याच दिवशी. मला आता बैठकांना 17 किलो होतात, अजून वर्षभर तरी सेट पुरेल असं वाटतं, पुढे लोखंडी प्लेटा बघेन. आधी कधी कंबर किंवा गुडघ्याचं दुखणं झालं असेल तर एकदा कुणा जाणकाराला दाखवून मगच वजन धरा, माझा डेडलिफ्ट मुलीने समोर उभं राहून सुधारला नसता तर मी तो चुकीचाच करत राहिले असते.

सासूबाई एप्रिलपासून पडवीत खुर्ची टाकून माझा व्यायाम बघत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "माजा पण लिव गो त्या वहीत." मुलीने फोनवरून सांगितलं त्याप्रमाणे हात छातीवर धरून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजतो. त्यांच्या 74 व्या वर्षी दहाच्या खाली आकडा म्हंजे पाय कमजोर धरतात. पहिल्या दिवशी हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नव्हतं, मी जवळ उभी होते, त्या काठीकडे बघत राहिल्या. रोज भिंतीला खुर्ची लावून, आधी उशी घालून उंच करून, मग उशी काढून. वहीच्या मागच्या बाजूला त्यांचं पान आहे, कालच्या तारखेपुढे 8.