सहा इंची फिगरचे चेहरे पुन्हा रंगवताना: रंग, ब्रश आणि वार्निशचा उन्हाळा-पावसाळ्यातला अनुभव

चित्रपटातल्या पात्राच्या ॲक्शन फिगरचा, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीचा, चेहरा ती भूमिका करणाऱ्या नटासारखा दिसत नसला की आपण लगेच स्कल्प्टला, म्हणजे मूळ घडणीला, नावं ठेवतो. गेल्या उन्हाळ्यापासून मी माझ्या शेल्फवरच्या सहा इंची फिगर्स एकेक करून रंगवायला घेतल्या आणि आता ठामपणे सांगते की साम्य बहुतेक वेळा प्लास्टिकमध्ये आधीच असतं. हल्ली नटांचे चेहरे थ्रीडी स्कॅन करून साचे बनतात, त्यामुळे नाकाचा बाक, गालाची हाडं, जिवणीची ठेवण सगळं जागेवर असतं. वरचा कारखान्यातला रंग ते झाकून टाकतो. म्हणून रंग, ब्रश, वार्निश या सगळ्यांकडे मी एकाच कसोटीने पाहते: याने तो झाकलेला चेहरा मोकळा होतो का?

कारखान्यात काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं. हेड मऊ पीव्हीसीचं असतं. जुन्या पद्धतीत डोळे आणि भुवया टॅम्पोने उमटवतात, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनच्या मऊ गादीने उचलून चेहऱ्यावर दाबतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो, म्हणून रंग मोजकेच वापरतात. रेघ सगळीकडे सारखीच जाड, तिच्या कडा धारदार आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत कातडी एकाच रंगाची. हॅस्ब्रो या खेळणी कंपनीने २०१८ च्या सुमारास ब्लॅक सिरीज आणि मार्व्हल लेजंड्स या आपल्या सहा इंची मालिकांमध्ये ‘फोटो रिअल’ छपाई आणली. त्यात शाईचे बारीक ठिपके थेट चेहऱ्यावर पडतात आणि कातडीत छटा दिसू लागतात. फरक मोठा आहे. तरी भिंगातून पाहिलं की ठिपके दिसतात, आणि छपाई किंचित सरकली तर नजर बिघडते.

किंचित म्हणजे किती, तेही पाहा. माणसाचं बुबुळ साधारण १२ मिलिमीटरचं असतं. सहा इंची, म्हणजे १:१२ च्या (खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याच्या) फिगरवर ते १ मिलिमीटर होतं आणि अख्ख्या डोळ्याची रुंदी जेमतेम अडीच मिलिमीटर. छाप अर्धा मिलिमीटर सरकला म्हणजे बुबुळ स्वतःच्या निम्म्या रुंदीने सरकलं. १२ इंची, म्हणजे १:६ च्या फिगरवर हीच मापं दुप्पट होतात, त्यामुळे तिथे हाताला जरा मोकळीक मिळते. नवख्यांनी शक्य असेल तर १:६ च्या एखाद्या सुट्या हेडपासून सुरुवात करावी.

तयारीबद्दल थोडक्यात सांगते. उकळून जरा निवलेल्या पाण्यात मान बुडवली की पीव्हीसी मऊ होतं आणि हेड न दुखावता निघतं. भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवायचं, कारण साच्याचं तेल आणि बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. जुना रंग काढायचाच असेल तर इअरबडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन धीराने पुसायचा. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लास्टिकचा पृष्ठभागच खातं आणि पापणीची कड बोथट करून टाकतं, ते मी हेडच्या जवळपासही येऊ देत नाही. फोटो रिअलचे चेहरे मी खरवडत नाही, त्या छपाईवरच पातळ हात देते.

आता ब्रश. या कामात पैसे कुठे घालायचे असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून ब्रश म्हणेन. मी विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज ७ मधला १ नंबर वापरते. हा कोलिन्स्कीचा, म्हणजे सायबेरियातल्या एका मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. डोळा एवढासा आहे म्हणून लोक तीन शून्यांचा ब्रश घेतात. त्याच्या पोटात रंगच मावत नाही, पॅलेटवरून चेहऱ्यापर्यंत नेईस्तोवर टोक सुकतं. १ नंबरचं पोट भरलेलं राहतं आणि टोक एका केसाइतकं बारीक होतं. सिंथेटिक ब्रशची टोकं काही आठवड्यांत आकड्यासारखी वळली, ते आता पेस्टलसाठी आणि वार्निशसाठी ठेवलेत. हा ब्रश हजाराच्या पुढे जातो, पण दर वेळी ब्रशच्या साबणाने धुऊन, टोक जुळवून ठेवल्याने इतक्या महिन्यांनंतरही रेघ पहिल्यासारखीच उमटते.

रंगांपैकी व्हॅलेहोचे मॉडेल कलर माझे मुख्य. थेंब पाडायची बाटली, पिगमेंट (रंगाची पूड) बारीक दळलेलं आणि पातळ केल्यावरही झाकण्याची ताकद टिकते. जोडीला कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूब. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी सुरू केलेल्या या घरच्या रंगांवर आपल्यातल्या बहुतेकांचा हात बसलाय. ट्यूबमधला रंग कॅनव्हाससाठी घट्ट बनवलेला असतो, त्यामुळे डोळ्यांसाठी मी तो घेत नाही. केसांचा पाया, यलो ओकर, बर्न्ट सिएना यांसाठी मात्र तोच वापरते. ठाण्यातल्या मे महिन्यात पंख्याखाली ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, म्हणून पसरट डब्यात ओला टिश्यू आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर अंथरून त्यावर रंग मिसळते. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. रिटार्डरचा, म्हणजे रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचा, एक थेंब पुरतो, जास्त घातला तर थर दिवसभर ओशट राहतो.

डोळ्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सगळ्यात मुरलेल्या हाताकडे जाते. फिगरवर मी उलट क्रम धरते, डोळे आधी. कारण इथे पापणी उंच कोरलेली असते. डोळ्याचा रंग बाहेर गेला तर पुढे कातडीच्या रंगाने तो कापून पापणीची कड हवी तितकी नाजूक करता येते.

डोळ्याचं पांढरं शुभ्र कधीच नसतं. मी त्यात थोडा कातडीचा रंग आणि नखभर राखाडी मिसळते. शुभ्र ठेवलं की चेहरा दचकलेला दिसतो. बुबुळ पूर्ण गोल दाखवायचं नाही, त्याचा वरचा भाग पापणीखाली गेलाच पाहिजे. वरच्या पापणीची रेघ गडद तपकिरी, बाहेरच्या कोपऱ्याकडे किंचित जाड. खालची रेघ असून नसल्यासारखी, कातडीच्याच गडद छटेची. काळा रंग मी फक्त बुबुळाच्या मधल्या बाहुलीसाठी वापरते.

पापणीच्या लगेच खाली, पांढऱ्यावर एक अतिशय पातळ करडी सावली लागते. ही युक्ती मला हॉट टॉइजच्या फिगर्स न्याहाळताना उमगली. हाँगकाँगच्या या कंपनीच्या काही १:६ हेड्समध्ये डोळ्यांचे गोळे वेगळे बसवलेले आणि फिरवता येणारे असतात. गोळा पापणीच्या आत असल्यामुळे पापणीची खरी सावली त्यावर पडते, आणि नजर जिवंत वाटण्याचं बरंचसं श्रेय त्या सावलीचं आहे. आपल्या सहा इंचीत ती रंगानेच पाडायची. त्यांच्याच अनेक फिगर्सचे चेहरे रंगवणारे कोरियन कलाकार जे. सी. हाँग यांचं काम मोठ्या फोटोत बघा. एकही रेघ जिथे संपते तिथे तुटल्यासारखी दिसत नाही.

समोर रोखलेली नजर जमायला अवघड. थोडी बाजूला वळवली की दोन डोळ्यांतला बारीक फरक खपून जातो आणि चेहऱ्यावर विचारही दिसतो. चकाकीचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, तोही बाहुलीच्या कडेवर. डोक्याला लावायचं भिंग असेल तरच हे करा. आणि मधूनमधून मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटवून पाहा. सरावलेल्या डोळ्यांना न दिसणारा तिरकेपणा उलट्या फोटोत ताबडतोब दिसतो.

कातडीबाबत चित्रकारांचा एक जुना आडाखा फार उपयोगी पडला. कपाळ जरा पिवळसर. गाल, नाक आणि कान लालसर. पुरुषांच्या चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग निळसर-राखाडी. हे सगळं इतक्या पातळ हातांनी द्यायचं की एक हात दिल्यावर काही बदललंय असं वाटूच नये. तीन-चार हातांनंतर मात्र चेहऱ्यात रक्त आल्यासारखं दिसतं. दाढीचे खुंट काढत बसू नका. तो निळसर हात पुरतो, वर हवं तर स्पंजच्या कोपऱ्याने हलकं टिपकारायचं.

सावळ्या आणि काळ्या रंगाच्या चेहऱ्यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. एकाच सपाट तपकिरी रंगाची सर्वाधिक झळ याच चेहऱ्यांना बसते. सावलीसाठी तपकिरीत काळा मिसळला की चेहरा मळकट होतो. मी बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन घालून सावली करते, गालांवर विटकरी लाल, आणि उंच भागांवर पांढऱ्याऐवजी यलो ओकरकडे झुकणारी छटा देते. ओठही दोन वेगळ्या रंगांचे असतात, वरचा गडद, खालचा आतून गुलाबी. एवढं केल्यावर माझ्या संग्रहातले हेच चेहरे सगळ्यात जास्त बदलले. ओठांसाठी लाल घेताना ट्यूबवरचा पिगमेंटचा क्रमांक जरूर वाचा. ॲलिझरिन क्रिमझनचं जुनं पिगमेंट, पीआर ८३, उजेडात फिकटतं. क्विनाक्रिडोनचे लाल टिकतात.

भुवया केसांच्या दिशेने तुटक रेघांनी. केस जिथे कपाळाला मिळतात तिथे केस आणि कातडी यांच्या मधल्या रंगाचा एक पट्टा फिरवला की टोप घातल्यासारखी ती धारदार कड जाते. एवढ्या एकाच कामाने निम्मी फिगर सुधारते, आणि त्याला भिंगही लागत नाही.

वार्निशने मात्र माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. मॅट थर दिला नाही तर प्लास्टिकची चकाकी सगळी मेहनत गिळते, म्हणून तो टाळता येत नाही. उन्हाळ्यात लॅकरचा स्प्रे उत्तम बसला. जुलैत तोच स्प्रे मारल्यावर चेहऱ्यावर पांढरट धुकं आलं. कॅनमधला वायू आणि सॉल्व्हंट (वार्निश पातळ ठेवणारा द्रव) झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतात आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेतला ओलावा त्या ओल्या थरात अडकतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी स्प्रे वापरतच नाही, पाण्यातलं मॅट वार्निश ब्रशने लावते. त्यातली मॅट करणारी पूड तळाशी बसते, बाटली खूप हलवावी लागते, नाहीतर कुठे चकाकी आणि कुठे पांढरे डाग. दुसऱ्या एका कंपनीचा स्प्रे तर मऊ पीव्हीसीवर चिकटच राहिला, महिने उलटले तरी बोट लावलं की ठसा उमटतो. पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन काही सॉल्व्हंटच्या थरांत उतरतं आणि ते थर पुरते वाळू देत नाही. कोणताही नवा डबा आधी मानेच्या आतल्या भागावर मारून आठवडाभर बघा. स्प्रे मारताना साधा कापडी मास्क पुरत नाही, सॉल्व्हंटच्या वाफांसाठीचा कार्ट्रिजवाला रेस्पिरेटर लागतो.

पेस्टलची पूड मॅट थरावरच धरते आणि पुढच्या थराखाली फिकी पडते, म्हणून गालांची लाली वाटते त्याहून जरा जास्त लावते. सगळं वाळल्यावर फक्त डोळ्यांवर ग्लॉसचा एक थेंब.

टिकाऊपणाचं म्हणाल तर शेल्फवर उभ्या असलेल्या फिगर्स जशाच्या तशा आहेत. जिथे प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं तिथे रंग जातो: मानेची कड, हनुवटी, आणि हेल्मेट चढणाऱ्या फिगरची नाकाची टोकं व कानांवरचे केस. अशा हेडवर वार्निशचे दोन पातळ थर देते आणि पहिले काही आठवडे हेल्मेट लावतच नाही. वरून कोरडं वाटलं तरी ॲक्रिलिक आतून पक्कं व्हायला वेळ घेतं.

स्वतः न रंगवता कोणाकडून पैसे देऊन करून घेणार असाल, तर कलाकाराकडे वार्निशनंतरचे फोटो मागा. एक दिवसाच्या उजेडात समोरून, एक बाजूने दिवा लावून, आणि एक हातभर अंतरावरून, कारण शेल्फवर तुम्ही फिगर तेवढ्याच अंतरावरून बघणार आहात. भिंगाखाली सुंदर दिसणाऱ्या काही चेहऱ्यांच्या भुवया हातभर अंतरावरून काळ्या पट्ट्या दिसतात. कोणतं वार्निश वापरलं तेही विचारून लिहून ठेवा. पुढे दुरुस्ती करायची वेळ आली तर वरच्या थरावर काय चालेल ते त्यावरूनच ठरतं.