हेड उतरवण्याआधी निळं द्रावण: ब्लॉक टेस्टर किट वापरून पाहिलं

गाडी गरम होते म्हटलं की बोनेट उघडायच्या आधीच ‘हेड गॅस्केट गेलंय’ म्हणून मोकळे होणारे मेकॅनिक कमी नाहीत. (हेड म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) कधी त्यांचं बरोबरही निघतं. पण थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) अडकला, फॅन लागला नाही, वॉटर पंप गळला किंवा नुसती रेडिएटरची कॅप दाब धरेनाशी झाली, तरी काटा वरच चढतो. हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग बेल्टपासून मॅनिफोल्डपर्यंत सगळं सुटं करणं आलं. त्याआधी हातात पुरावा हवा, म्हणून सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय का हे दाखवणारं हे ब्लॉक टेस्टर किट घेतलं.

माझी गाडी जुनी, पेट्रोलवरची. कूलंट कमी व्हायचं, पण खाली थेंब पडलेला दिसत नव्हता. सकाळच्या पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर थोडा वेळ मिसिंग करायचा, मग सगळं सुरळीत. आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची वरची होज सकाळी दाबून पाहिली तर टणक! खरा संशय तिथे आला. इंजिन थंडगार असताना उरलेला दाब गरम कूलंटचा असूच शकत नाही, कुठून तरी गॅस आत शिरलाय. ऑइल कॅपखाली पांढरी साय नव्हती, त्यामुळे ‘गॅस्केट ठीक आहे’ असंही ऐकवून झालं. त्या सायीवर माझा तसाही फार विश्वास नाही. गॅस्केट ऑइलच्या वाटेकडे फुटलं नसेल तर ती धरतच नाही, आणि रोज जवळच्या जवळ फिरणाऱ्या चांगल्या इंजिनातसुद्धा नुसत्या ओलाव्याने धरते.

पेटीत फार काही नाही. एकावर एक दोन कप्पे असलेली पारदर्शक नळी, खाली रबरी शंकू, वर हवा ओढायचा रबरी फुगा आणि निळ्या द्रावणाची बाटली. हे द्रावण ब्रोमोथायमॉल ब्लूचं. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते आम्लाकडे झुकतं आणि निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होतं. कूलंटवरच्या हवेत एवढा कार्बन डायऑक्साइड असायचं काही कारण नसतं. सापडला, तर तो सिलिंडरमधून आला.

माहितीपत्रक मात्र भिकार आहे. कूलंटची पातळी आधी खाली उतरवा, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना त्यात कुठेतरी बारीक अक्षरात दडवली आहे. पातळी वर राहिली तर फुग्याबरोबर कूलंटच नळीत चढतं आणि द्रावण वाया जातं. कॅप इंजिन थंड असतानाच काढायची, थोडं कूलंट काढून घ्यायचं, मग गाडी चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं. हे सगळं मोकळ्यावर करा. बंद गॅरेजमध्ये सायलेन्सरचाच धूर नळीत जायचा, आणि तसाही तो धूर जीवघेणा.

शंकू रेडिएटरच्या तोंडावर घट्ट दाबून फुगा चालवायला लागलो. बुडबुडे निघाले, रंग जिथल्या तिथे. मग खालच्या कप्प्यात हिरवट झाक आली, आणि बघता बघता तो कप्पा लिंबाच्या सालीसारखा पिवळा झाला. वरचा अजून निळाच होता, त्यामुळे फरक डोळ्यांसमोर होता. मेकॅनिक शेजारीच उभा होता. ‘साहेब, आता उतरवू या,’ एवढंच बोलला.

हेड निघाल्यावर गॅस्केटची एका सिलिंडरच्या कडेची धातूची रिंग पाण्याच्या भोकाकडे खाल्लेली दिसली. त्याच सिलिंडरचा पिस्टन वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, बाकीच्यांवर काळा कार्बन. हेडवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) खालून सरकवला, हेड वाकलंय का ते बघायला. मॅन्युअलमधली मर्यादा ०.०५ मिलिमीटर आणि मधोमध ०.१० ची पात आरामात आत गेली. म्हणजे नुसतं गॅस्केट बदलून भागणार नव्हतं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवावं लागलं. हेड बोल्ट नवे घेतले, कारण या इंजिनाचे बोल्ट कसताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करून घेतली. तळाशी ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉक तडकू शकतो. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने कसले.

किटच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पिवळा रंग म्हणजे गॅस कूलंटमध्ये जातोय, इतकंच. गॅस्केट गेलं की हेडला तडा गेलाय, हे त्यावरून कळत नाही. उलट रंग निळाच राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असेल तर कूलंटमध्ये काहीच येणार नाही. तिथे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्टच हवी, शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवतात. गळती अगदी बारीक असेल तर ती नुसत्या आयडलिंगवर दिसेलच असंही नाही, थोडं रेस करून बघावं. आणि निळ्यावर शंका आली तर नळी सायलेन्सरच्या तोंडाशी धरून हवा ओढा. तिथेही पिवळं झालं नाही, तर द्रावणच मेलेलं आहे.

फुग्याचं रबर हलकं आहे, शंकू मोठ्या तोंडाच्या टाकीवर नीट बसत नाही. तरी पाचपैकी चार तारे देईन. डिझेल गाडी असेल तर हे द्रावण डिझेललाही चालतं का, ते बाटलीवर वाचूनच घ्या.