ओन्लीफॅन्स: स्टुडिओ बुडाले, पण कलाकाराच्या हाती काय आलं?

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत मी छोट्या धंद्यांचे हिशेब सांभाळते. त्यात प्लंबर आहेत, सलूनवाल्या आहेत, आणि पॉर्न चित्रपटांत काम करणाऱ्या काही जणीही आहेत. इथे राहून त्या माझ्याकडे येणं साहजिकच आहे. अशा चित्रीकरणासाठी कलाकारांना पैसे देणं म्हणजे वेश्याव्यवसायासाठी माणसं पुरवणं नव्हे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये फ्रीमन खटल्यात दिला. मग व्हॅलीतल्या चॅट्सवर्थ, व्हॅन नाइस भागात हा धंदा उजळ माथ्याने फोफावला.

त्यामुळे हे परीक्षण प्रेक्षकाच्या बाजूने लिहिलेलं नाही. ओन्लीफॅन्स, म्हणजे कलाकार स्वतः व्हिडिओ टाकतो आणि प्रेक्षक थेट त्यालाच पैसे देतो अशी वेबसाइट, ही सेवा वापरून जी पोट भरते, तिचा जमाखर्च काय सांगतो, एवढंच मला लिहायचं आहे.

आधी जुन्या वह्या. स्टुडिओच्या काळात दर सीनमागे एक ठरलेला चेक मिळायचा आणि विषय संपायचा. तीच टेप, पुढे तीच डीव्हीडी, वर्षानुवर्षं विकली जायची, पण कलाकाराला त्यातलं पुन्हा काही मिळत नसे. विव्हिड (स्थापना १९८४), विकेड, डिजिटल प्लेग्राउंड या मोठ्या कंपन्या मोजक्या नट्यांना करारावर घ्यायच्या. अशा करारातल्या नटीच्या वहीत दरमहा एक आकडा दिसतो. बाकीच्यांचं उत्पन्न एखादा महिना भरगच्च, एखादा कोरडा.

मग खर्चाचा कळस आला. २००५ मध्ये डिजिटल प्लेग्राउंड आणि अॅडम अँड ईव्ह यांनी ‘पायरेट्स’ काढला. जहाज, तलवारी, कॉम्प्युटरवर केलेली दृश्यं, आणि दहा लाख डॉलरपेक्षा जास्त बजेटची जाहिरात. २००८ मध्ये दुसरा भाग आला, त्याचा खर्च ऐंशी लाखांवर गेल्याचं सांगितलं गेलं. हा पैसा वसूल व्हायचा तो डीव्हीडीच्या विक्रीतून, आणि नेमकी तीच आटत होती. यूपॉर्न २००६ मध्ये सुरू झालं, पॉर्नहब २००७ मध्ये. स्टुडिओचा माल कुणीही उचलून तिथे चढवायचा आणि बघणाऱ्याला तो फुकट मिळायचा. १९९८ च्या डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्यानुसार नोटीस मिळाल्यावर क्लिप काढून टाकली की वेबसाइटची जबाबदारी सहसा तिथेच संपते. म्हणजे चोरी शोधायची, नोटीस पाठवायची आणि तीच क्लिप पुन्हा चढली की पुन्हा पाठवायची, हे सगळं मालकानेच करायचं. जानेवारी २००९ मध्ये ‘हसलर’ या पॉर्न मासिकाचे लॅरी फ्लिंट आणि ‘गर्ल्स गॉन वाइल्ड’ व्हिडिओंचे जो फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेसकडे पाच अब्ज डॉलरची मदत मागितली. लोक हसले. मला त्या मागणीत गल्ला रिकामा होत चाललेला दुकानदार दिसतो. २०१२ मध्ये तर फुकट साइट चालवणाऱ्या मॅनविन कंपनीनेच डिजिटल प्लेग्राउंड विकत घेतलं. त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी मेझर बी हा प्रस्ताव मंजूर करून चित्रीकरणात कंडोम सक्तीचा केला, आणि उरलेलं बरंच काम काउंटीबाहेर गेलं.

ओन्लीफॅन्स २०१६ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. त्याची सर्वांत चांगली गोष्ट एका ओळीत मावते: प्रेक्षकाने दिलेल्या प्रत्येक डॉलरमधले ८० सेंट कलाकाराचे, २० कंपनीचे. हिशेबनीस म्हणून मला ही सरळ वाटणी मनापासून आवडते. पैसे कधी, कशाचे, किती आले हे दिसतं. जुना व्हिडिओ आज विकला गेला तर त्याचेही पैसे ज्याचे त्याला मिळतात. काय चित्रित करायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे तिचं तिने ठरवायचं. स्टुडिओच्या काळात इतका अधिकार फार थोड्या जणींकडे होता. एवढ्यासाठी पाचपैकी चार तारे मी बिनदिक्कत देते.

आता दुसरी बाजू. स्टुडिओ जी कामं करायचा, ती सगळी या ८० सेंटांतून भागवायची आहेत. कॅमेरा, दिवे, एडिटिंग, जाहिरात, रात्री दोन वाजता आलेल्या मेसेजना उत्तरं. गिऱ्हाइकाने कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत घेतले तर तिची कमाई कापली जाते. कर आधी कापलेला नसतो, त्यामुळे १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आणि वर आयकर तिने स्वतः भरायचा. सगळ्यात त्रासाचं म्हणजे वयाच्या पुराव्यांची नोंद. अमेरिकन कायद्याच्या कलम २२५७ प्रमाणे निर्मात्याने प्रत्येक कलाकाराच्या ओळखपत्राची प्रत जपायची आणि ती नोंद कुठे ठेवली आहे तो पत्ता जाहीर करायचा. स्टुडिओत ही कचेरीची जबाबदारी होती. आता निर्माती तीच, आणि तिचं ऑफिस म्हणजे तिचं घर. घराचा पत्ता उघड होऊ नये म्हणून माझी एक क्लायंट नोंदी सांभाळायला बाहेरच्या माणसाला पैसे देते, आणि तो खर्च मला अगदी योग्य वाटतो. तिच्या बँकेने कारण न देता खातं बंद केलं तेव्हा पुढचे काही आठवडे आमचे फोनवरच गेले.

नव्याने येणाऱ्या मुलींना मी आधी एक भागाकार करून दाखवते. कंपनीच्या २०२३ च्या आर्थिक वर्षात प्रेक्षकांनी ६.६ अब्ज डॉलर दिले, क्रिएटर, म्हणजे व्हिडिओ टाकणाऱ्यांची, खाती ४१ लाख. ८० टक्क्यांनी हिशेब केला तर खात्यामागे वर्षाला सुमारे १,३०० डॉलर, म्हणजे महिन्याला शंभराच्या थोडे वर. काही खाती फार मोठी कमावतात, म्हणून बहुतेकांच्या वाट्याला सरासरीपेक्षाही कमी येणार हे उघड आहे. पूर्ण वेळ हेच करण्याआधी हा आकडा डोळ्यांखालून घालावा.

आणि ज्यांचं नाव कधीच पोस्टरवर नव्हतं, त्यांच्यासाठी या सेवेत जागाच नाही. दिवे लावणारे, सेट ठोकणारे सुतार, मेकअपवाल्या, जेवण पुरवणारे, घरं भाड्याने देणारे. स्टुडिओचं एक चित्रीकरण म्हणजे एवढ्या सगळ्यांची रोजंदारी होती. बेडरूममधल्या फोनला यांतलं कुणीच लागत नाही. याचा एक तारा मी कापला आहे.

खातं उघडणाऱ्यांना एक सांगते. ऑगस्ट २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सने बँकांच्या दबावाचं कारण देऊन लैंगिक दृश्यांवर बंदी जाहीर केली होती. काही दिवसांतच ती मागे घेतली, पण एका घोषणेत सगळं उत्पन्न थांबू शकतं हे तेव्हा दिसलं. तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा, आणि प्रत्येक व्हिडिओची मूळ फाइल व सहकलाकारांची सहीची कागदपत्रं स्वतःजवळ जपा.