शिसं ओतताना वापरलेला मास्क, सहा महिन्यांनंतर
बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका दुकानातनं पी१०० (बारीक धूळ-धूर जवळजवळ सगळा अडवणारा) फिल्टरवाला, नाक-तोंड झाकणारा हाफ मास्क घेतला, मलप्रभा नदीवर गळ टाकायला लागणारी शिशाची वजनं मी घरीच ओततो म्हणून. भारी बसतोय, पण दाढी असली की कडेनं हवा शिरते, मी काढूनच टाकली. कापडी मास्क इथं कामाचा नाही बघा. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, गरजेपेक्षा जास्त तापवलं की धूर वाढतोय, आणि साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेलं शिसं अंगावर उडतंय. धुळीला तर लईच जपा, झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, साबणानं हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. कामाचे कपडे वेगळे धुतो, घरात पोरगी लहान आहे. दुकानात जादा फिल्टर मिळत नाहीत, तेवढा एक स्टार कमी.