गुरूचे चुंबकक्षेत्र: गच्चीवरचा अँटेना की जीएमआरटीची विदा?

पुण्यातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीपुढे प्रकल्पासाठी हा पेच आहे. २० मेगाहर्ट्झचा तारेचा अँटेना स्वस्तात उभा राहतो. त्यावर गुरूकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपता येतात. या लहरींची वारंवारता उगमस्थानच्या चुंबकक्षेत्राच्या प्रमाणात असते, दर गॉसला (गॉस हे चुंबकक्षेत्राचे एकक) २.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे २० मेगाहर्ट्झला जेमतेम ७ गॉसचा प्रदेश कळतो, तर उत्सर्जनाची वरची मर्यादा, सुमारे ४० मेगाहर्ट्झ, १४ गॉस सांगते. शिवाय पेठेतल्या गच्चीवर एलईडी दिव्यांची खरखर गुरूला गिळून टाकते, हे वेगळेच. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची जुनी विदा फुकट मिळते, साफ करताना मात्र घाम फुटतो. तिच्यात गुरूभोवतीच्या प्रारणपट्ट्यांचे, म्हणजे चुंबकक्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे, सिंक्रोट्रॉन (रेडिओ) उत्सर्जन दिसते, ज्याच्या डुलण्यावरून चुंबकीय अक्षाचा सुमारे १० अंशांचा कल ओळखता येतो. उपकरणबांधणी शिकायची असेल तर अँटेना बरा. क्षेत्राची ठेवण अभ्यासायची असेल, तर माझ्या मते जीएमआरटीच घ्यावी.