स्पेसिफिकेशन लिहिताना: कृती सांगावी, परिणाम मागावा की ब्रँड लिहावा?

घर बांधायला काढलं किंवा सोसायटीच्या दुरुस्तीची निविदा मागवली, की दरांवर महिनाभर घासाघीस चालते. स्पेसिफिकेशनचं, म्हणजे काम नेमकं कसं हवं हे सांगणारं, पान मात्र जुन्या फाइलमधून उचललं जातं. ‘उत्तम दर्जाचे’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘इंजिनिअरच्या समाधानाप्रमाणे’. या शब्दांचा दर काढता येत नाही. मग प्रत्येक ठेकेदार आपल्या मनातल्या कामाचा दर भरतो आणि आपण वेगवेगळ्या कामांचे दर शेजारी ठेवून स्वस्त कोण ते ठरवतो.

लिहिण्याच्या रीती तीन: कृती सांगणं (प्रमाण, जाडी, क्रम), परिणाम मागणं (ताकद, गळती नसणं) आणि ब्रँडचं नाव देणं. एकच रीत सगळ्या कामाला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक ओळ लिहिताना विचारा: हे कोण तपासणार, कधी आणि कशाने?

काँक्रीटला परिणाम मागावा. ‘१:१.५:३’ असं सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण लिहिलं तर साइटवर ते घमेल्याने मोजलं जातं. ओलसर वाळू फुगते, त्यामुळे तेवढ्याच घमेल्यात वाळू कमी येते आणि प्रत्येक घाण्याचं प्रमाण बदलतं. शिवाय काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६:२०००) असं ठोकळ प्रमाण एम२० ग्रेडपर्यंतच चालतं (‘एम’पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची ताकद). त्यापुढे मिक्स डिझाइन, म्हणजे चाचण्या करून बसवलेलं प्रमाण, लागतं. उलट ‘एम२५, २८ दिवसांनी क्यूब चाचणी’ लिहिलं की काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) दाबून निकाल लॅब देते. किती क्यूब, हेही लिहा: त्याच कोडप्रमाणे १६ ते ३० घनमीटर काँक्रीटला किमान ३ नमुने, प्रत्येकी ३ क्यूब.

ग्रेड जागेप्रमाणे ठरतो. समुद्राच्या खाऱ्या हवेला उघड्या असलेल्या आरसीसी कामाला हा कोड किमान एम३०, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, जास्तीत जास्त ०.४५ पाणी-सिमेंट गुणोत्तर आणि ४५ मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) मागतो. मालवणच्या किनाऱ्यावरच्या घराला पुण्यातल्या घराचं पान चिकटवलं, तर सळई गंजायला आमंत्रणच.

इथे एक काळजी घ्या. परिणामही मागायचा आणि नेमकं प्रमाणही आपणच ठरवून द्यायचं, असं करू नका. क्यूब नापास झाले की ठेकेदार म्हणणार, ‘तुम्ही सांगितलं तसंच केलं’, आणि त्याचं म्हणणं खोडता येणार नाही. किमान सिमेंट, कमाल पाणी अशा मर्यादा घाला. त्यांच्या आत मिक्स बसवणं त्याच्याकडे राहू द्या.

पण क्यूब सगळं सांगत नाही. तो टाकीतल्या पाण्यात मुरतो, स्लॅब उन्हात तापत असतो. कव्हर किती राहिलं, व्हायब्रेटर नीट फिरला का, हे क्यूबला ठाऊक नसतं. म्हणून मिक्सचा परिणाम मागितला तरी स्लॅब टाकण्याची कृती लिहावीच लागते: कव्हर ब्लॉक किती मिमीचे, आरएमसीच्या (प्लँटवरून येणाऱ्या तयार काँक्रीटच्या) गाडीत साइटवर पाणी घालायला मनाई, क्युरिंग (पाणी मारणं) पीपीसी, म्हणजे फ्लाय अ‍ॅशसारखं मिश्रण असलेलं सिमेंट, असेल तर किमान १० दिवस.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला कृती लिहिणंच बरं. ‘१० वर्षं गळणार नाही’ हा परिणाम ऐकायला छान, पण गळती दिसते दोन पावसाळ्यांनी, तेव्हा ठेकेदार फोन उचलेलच असं नाही. कोब्याचा उतार १:१००, वाटा (भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यातले गोलावे) कुठे आणि किती, थर पॅरापेटवर किती चढवायचा, पाइपभोवतीची जागा कशी भरायची, हे लिहा. मग गच्चीत पाणी भरून ७२ तास ठेवायचं, आणि वरची फरशी त्या चाचणीनंतरच. हमीपत्र घ्या, पण त्याच्या मागे पैसे अडकलेले असू देत: बिलातला काही भाग पुढचा पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा.

ब्रँड रंग, नळ, स्विच यांना ठीक. त्यापुढे ‘किंवा समतुल्य’ लिहिलंत तर समतुल्य कोण ठरवणार आणि खरेदीआधी लेखी मंजुरी कोणाची, तेही लिहा. सळईला ब्रँडपेक्षा ‘आयएस १७८६, एफई ५००डी, प्रत्येक लॉटचं चाचणी प्रमाणपत्र’ ही ओळ जास्त कामाची. त्यातला ‘डी’ विसरू नका: एफई ५०० ला किमान लांबण (तुटण्याआधी सळई किती ताणली जाते) १२ टक्के, ५००डी ला १६ टक्के, आणि भूकंपात सळईची ही ताणाची क्षमताच कामी येते.

आता निवड. साइटवर तुमचा स्वतंत्र इंजिनिअर रोज जाणार असेल तर कृतीच्या ओळी वाढवा. तो आठवड्यातून एकदाच येणार असेल, तर शक्य तेवढं काम आरएमसी आणि लॅबच्या निकालावर टाका. कृतीच्या ओळी मोजक्या ठेवा आणि प्रत्येकीला थांबा जोडा: ‘सळई व कव्हर तपासून सही झाल्याशिवाय काँक्रीट ओतू नये.’ क्यूब नापास झाले तर कोअर (ओतलेल्या काँक्रीटमधून कापलेला नमुना) काढायचा खर्च कोणाचा, तेही त्याच पानावर, सही होण्याआधी लिहून घ्या.