डेक्सा स्कॅन: मशीन छान, पण रिपोर्टने रात्रभर झोप उडवली

लेक १५ वर्षांची, माइटोकॉन्ड्रियल आजार आहे, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारे भाग, माइटोकॉन्ड्रिया, नीट चालत नाहीत; त्यातला मेलास नावाचा (माझ्याकडूनच आलाय, तो विषय वेगळा). परवा चालताना तोल गेला आणि मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी हाडांची घनता बघायला सांगितली, तोच हा डेक्सा स्कॅन. मी म्हटलं आजार स्नायूंचा नि मेंदूचा, हाडांचं काय मध्येच? तर हाड रोज थोडं झिजतं, थोडं भरतं, आणि भरणाऱ्या पेशींनाही ऊर्जा माइटोकॉन्ड्रियाच पुरवतात. वर स्नायू दमतात म्हणून चालणं कमी, चालणं कमी म्हणून हाडावर भार नाही, भार नाही की हाड भरत नाही. फिटच्या काही गोळ्याही ड जीवनसत्त्व खाली आणतात म्हणे, आमची एक त्यातलीच निघाली.

स्कॅनला फुल मार्क. बोगद्यात जायचं नाही, टोचायचं नाही, पायाखाली फोमचा ठोकळा देऊन पडून राहायचं, मशीनचा हात वरून सरकत जातो. रेडिएशन अगदी कमी. टेक्निशियन ताईंनी मध्ये दोनदा थांबून तिला पाय हलवू दिले, ते विशेष आवडलं.

रिपोर्ट हातात आला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. टी-स्कोअर उणे २.७, खाली ठळक अक्षरात 'ऑस्टिओपोरोसिस', म्हणजे हाडं ठिसूळ. अहो, टी-स्कोअर म्हणजे तरुण, पूर्ण वाढलेल्या माणसाशी तुलना, १५ वर्षांच्या पोरीला तो लावतात का? मुलांना झेड-स्कोअर बघतात, त्यांच्याच वयाच्या मुलांशी. शिवाय मुलांचा मणका स्कॅन करतात, आणि डोकं सोडून बाकी पूर्ण शरीर; या सेंटरवाल्यांनी मोठ्यांसारखं खुबा करून मोकळे! आणि तिची उंची कमी आहे, या आजारात असतेच, नि डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, त्यामुळे लहान चणीच्या मुलाचं हाड आहे त्यापेक्षा विरळ दिसतं. हे सगळं मला आमच्या एंडोक्राइनच्या (हार्मोन्सच्या) डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, तोवर रात्र गेली.

परत गेलो, पूर्ण शरीराचा स्कॅन करून दिला, कुरकुर केली पण दिला. उंचीचा हिशेब धरून झेड-स्कोअर उणे १.३, म्हणजे वयाच्या मानाने ठीक. आणि एका मनगटावरून मुलांना ऑस्टिओपोरोसिस म्हणत नाहीत. आता ड जीवनसत्त्व, फिजिओ, आणि वर्षाने परत याच मशीनवर, कारण मशीन बदललं की आकडे जुळत नाहीत.

तीन स्टार. जाताना फॉर्मवर वय, उंची आणि आजाराचं नाव स्वतः मोठ्या अक्षरात लिहा, आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.